अंत्रुज महालातील निर्वासित दैवते

पणजीहून फोंड्याकडे जाणारा रस्ता बाणस्तारीचा पूल ओलांडून अंत्रुज महालात शिरला, म्हणजे थोड्याच वेळात डाव्याउजव्या हातास देवस्थानांच्या कमानी आणि दीपस्तंभ दिसू लागतात. प्रियोळात मंगेश, त्याच्या शेजारीच म्हार्दोळला म्हाळसा, वेलिंगास लक्ष्मीनृसिंह, बांदिवड्यास रामनाथ, नागेश आणि महालक्ष्मी, कवळ्यास शांतादुर्गा, अशी गोमंतकातील बहुतेक प्रख्यात दैवते एका लहानशा मुलखात जणू ठरवून एकत्र आली असावीत असे परक्या यात्रेकरूस वाटते, आणि ही भूमीच मुळात विशेष पवित्र असली पाहिजे असा भाविक तर्क तो बांधतो. हा तर्क खरा नाही. वर नावे घेतलेल्या दैवतांपैकी नागेशासारखा एखादाच येथला मूळचा रहिवासी. बाकीचे बहुतेक अघनाशिनी नदीच्या, म्हणजे आज आपण जिला जुवारी म्हणतो तिच्या पलीकडून, साष्टी प्रांतातून, आपापली गावे सोडून आलेले आहेत. मंगेशाचे गाव कुठ्ठाळी, शांतादुर्गेचे केळशी, म्हाळसेचे वेर्णे, रामनाथाचे लोटली, नृसिंहाचे सांकवाळ. देवाच्या नावामागे आजही भक्त मंडळी अभिमानाने जे गाव जोडतात ते बहुधा हे पलीकडचे गाव असते, आणि ज्या गावात देऊळ उभे आहे त्या गावाचा देव बहुधा निराळाच असतो. गोमंतकातील देवस्थानांची व्यवस्था, त्यांचे उत्सव, त्यांच्यातील मानपानाचे तंटे, एवढेच काय, त्यांचे शिल्पही, या एका गोष्टीचा उलगडा झाल्यावाचून कळत नाही.

इतिहास थोडक्यात असा. 1510 साली आफोंसो द आल्बुकेर्क याने आदिलशहाकडून गोवे शहर आणि त्याभोवतालचा तिसवाडी प्रांत जिंकला. साष्टी आणि बारदेश हे दोन प्रांत 1543 साली पोर्तुगीजांच्या पदरी पडले. हे तीन प्रांत पुढे जुन्या काबिजादी म्हणून ओळखले गेले. प्रथम नव्या सरकारने गावगाड्यास हात घालण्याचे टाळले, कारण सारा वसूल व्हावयाचा तर गावकरी संस्था शाबूत असणे इष्ट होते. 1526 साली आफोंसो मेशिया याने गावकऱ्यांच्या वहिवाटी आणि हक्क लिहून काढून त्यांस जो कायदेशीर दस्तऐवजाचा आकार दिला, तो याच धोरणाचा परिपाक होय. परंतु गावकरी आणि देऊळ या दोन निराळ्या वस्तू नव्हत्या. गावच्या जमिनीचा एक हिस्सा देवाच्या नावे असे. त्या उत्पन्नावर पुजारी, वाजंत्री, सुतार, लोहार, देवळी, महार या सर्वांची वतने चालत. आणि गावकऱ्याचा मान देवापुढे त्याचे नाव कितव्या क्रमाने घेतले जाते यावर मोजला जाई. म्हणून जेव्हा 1540 च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि त्यामागोमाग त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे आणि धर्मप्रचाराकडे वळविण्यात आले, तेव्हा केवळ एक इमारत गेली असे झाले नाही. गावाचा कणाच मोडला. व्हिसेरेइ कोंस्तांतीनु द ब्रागांस याच्या कारकिर्दीत हिंदूंवरील निर्बंध अधिक कडक झाले, 1560 साली इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात स्थापन झाले, आणि साष्टीतील गावांस पुढे काय वाढून ठेवले आहे हे कळून चुकले.

साष्टीवरचा घाला 1567 साली पडला. राचोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रुद्रिगिश याने प्रांतातील देवळे एकामागून एक जाळली आणि पाडली. धर्मप्रचारकांच्याच कागदांतून ही संख्या दोनशे ऐंशीच्या घरात दिलेली आढळते, आणि तिच्यात लहानसहान घुमट्यांचा हिशेब धरलेला नाही. राचोलच्या चर्चमध्ये या कप्तानाचे थडगे आहे, त्यावरील पोर्तुगीज लेखात तो या किल्ल्याचा कप्तान होता आणि या मुलखातील देवळे त्याने जमीनदोस्त केली एवढे दोनच पराक्रम नमूद केलेले आहेत. मृताच्या गौरवार्थ कोरलेली ही शिळा आज फिर्यादीच्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा ठरावी, यात इतिहासाची जी थट्टा आहे ती मला कोणत्याही बखरीपेक्षा बोलकी वाटते.

देव हालविण्याचा प्रसंग कसा घडला याची समकालीन हकीकत आपणापाशी तुटपुंजी आहे, परंपरा मात्र विपुल. रात्रीच्या अंधारात लिंग अथवा मूर्ती काढून घेऊन, होडीत घालून, भरतीच्या पाण्यावर अघनाशिनी ओलांडून पलीकडच्या तीरास नेली, एवढा सांगाडा बहुतेक सर्व देवस्थानांच्या आख्यायिकांत समान आहे. मंगेशाचे लिंग 1560 मध्येच, म्हणजे साष्टीतील मोठ्या विध्वंसाच्या सात वर्षे आधी, कुठ्ठाळीहून प्रियोळास आणले गेले असे देवस्थानाची परंपरा सांगते. यावरून असे दिसते, की कुठ्ठाळीच्या महाजनांनी संकट दाराशी येण्याची वाट पाहिली नाही. पलीकडचा तीर म्हणजे अंत्रुज महाल, आणि तो तेव्हा आदिलशाही अमलाखाली होता. ज्या मुसलमानी सत्तेकडून पोर्तुगीजांनी गोवे घेतले तिच्याच मुलखात हिंदू दैवतांस आश्रय मिळाला, ही गोष्ट आजच्या काळी काहींस अडचणीची वाटते आणि म्हणून ती हळूच गाळली जाते. पण ती गाळली तर मंगेशाने नेमकी हीच नदी का ओलांडली याचे उत्तर देता येणार नाही. पुढे हा महाल शिवाजी महाराजांकडे, मग सौंधेकर राजांकडे असा फिरत राहिला, आणि 1763 च्या सुमारास, हैदर अलीच्या धास्तीने सौंधेकराने गोव्यात आसरा घेतला तेव्हा, पोर्तुगीजांच्या हाती आला. परंतु तोवर दोन शतके उलटली होती, धर्मोन्मादाचा भर ओसरला होता, आणि या नव्या काबिजादींतील देवळांस व रीतिरिवाजांस हात न लावण्याचे सरकारने कबूल केले होते. ज्या सत्तेला भिऊन देव पळाले त्याच सत्तेच्या छत्राखाली ते पुन्हा आले, पण या वेळी सुखरूप राहिले.

आता या दैवतांच्या कथांकडे वळू. मंगेशाची कथा सर्वांस ठाऊक असली तरी तिचा घाट पाहण्याजोगा आहे. कैलासावर सारीपाट चालला असता शंकर सर्वस्व हरला आणि रागावून, अथवा लाजून, दक्षिणेस निघून आला. त्याच्या शोधात पार्वती अरण्यात भटकू लागली, तेव्हा तिची गंमत करावी म्हणून त्याने वाघाचे रूप घेतले, आणि ती भयाने ओरडली ती गिरीशाची करुणा भाकीत, परंतु शब्द घाबरेपणात उलटसुलट होऊन तोंडून ‘मंगेश’ असे निघाले. तेच नाव देवाने आनंदाने धारण केले. व्युत्पत्तिशास्त्र या कथेपुढे हसेल, पण कथेचे इंगित व्युत्पत्तीत नाही. हा शिव घर सोडून आलेला आहे. परमुलखात त्याला त्याच्या माणसाने हाक मारून ओळखले आहे. ही कथा स्थलांतरापूर्वीची आहे यात संशय नाही, तरीही आपले गाव सोडून आलेल्या कुळांनी ती पिढ्यानपिढ्या इतक्या जिव्हाळ्याने का सांगितली असेल, हे समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. मंगेशाच्या देवळामागे मूळकेश्वराचे स्थान आहे. तो गुराखी, लिंगाचे दर्शन प्रथम ज्याला झाले तो, अशी समजूत आहे. सारस्वत ब्राह्मणांच्या कुलदैवताच्या आवारात गुराख्याचा हा मान अबाधित राहिला, ही गोष्ट संस्कृत माहात्म्यापेक्षा जुन्या काळाकडे बोट दाखविते.

या माहात्म्यांचा मोठा संग्रह म्हणजे सह्याद्रिखंड. परशुरामाने समुद्र हटवून कोकण निर्मिले आणि तिरहुताहून दहा गोत्रांचे ब्राह्मण आणून गोमांतकात वसविले, त्यांच्याबरोबर मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा, नागेश ही दैवते आली, असे या ग्रंथाचे सांगणे. स्कंदपुराणाचा भाग म्हणविणारा हा ग्रंथ एकसंध नाही, त्यात निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी भर घातली आहे, आणि कित्येक प्रकरणे एका ज्ञातीने दुसरीस हिणविण्यासाठीच रचली असावीत असे उघड दिसते. मौज अशी, की या ग्रंथाची पहिली छापील संपादित प्रत 1877 साली मुंबईत काढली ती जेर्सन द कुन्य या गोमंतकीय ख्रिस्ती विद्वानाने.

शांतादुर्गेची कथा अधिक गंभीर आहे. शिव आणि विष्णू यांच्यात घोर युद्ध जुंपले, सृष्टी बुडण्याची वेळ आली, तेव्हा ब्रह्मदेवाच्या विनंतीवरून जगदंबेने मध्ये पडून एका हाताने एकास व दुसऱ्याने दुसऱ्यास आवरले आणि समेट केला. म्हणून दुर्गा असूनही ती शांत. कवळ्याच्या मूर्तीच्या दोन अंगांस शिव व विष्णू आहेत ते याच कारणाने. गोमंतकातील सारस्वतांत स्मार्त आणि वैष्णव असे दोन पंथ पडले, स्मार्तांचा गौडपादाचार्य मठ साष्टीतील आपले स्थान मोडल्यावर अखेर कवळ्यास स्थिरावला, वैष्णवांचा मठ पर्तगाळीस. आणि या दोन्ही पंथांस कुलस्वामिनी एकच असल्याने तिने भांडण मिटविल्याची कथा त्यांच्या फार उपयोगी पडली असली पाहिजे. परंतु या पौराणिक पोशाखाखाली दुसरी एक फार जुनी देवी उभी आहे. गोमंतकाच्या खेड्याखेड्यांत सातेरी अथवा सांतेरी या नावाने वारुळाची पूजा चालते. मूर्ती नाही, मातीचे ओबडधोबड रोयण हेच दैवत, आणि तेच भूमीचे, गावाचे आणि पिकाचे मालक. या सांतेरीच्याच अनेक ठिकाणी शांतादुर्गा झाल्या. वारुळावर चांदीचा मुखवटा चढला, मग शेजारी पंचधातूची मूर्ती आली, मग माहात्म्य आले, आणि वारूळ गाभाऱ्यात मागे राहिले. हा बदल अधःपात म्हणावा की उन्नती, हे ज्याने त्याने आपल्या रुचीप्रमाणे ठरवावे.

म्हाळसेविषयी महाराष्ट्रीय वाचकांचा नेहमी घोटाळा होतो. जेजुरीच्या खंडोबाची अर्धांगी ती हीच काय, असे म्हार्दोळच्या देवळात विचारणारा यात्रेकरू हटकून भेटतो. आणि पुजाऱ्याचे उत्तर ठरलेले, की ही म्हाळसा नारायणी, म्हणजे अमृतमंथनाच्या वेळी विष्णूने घेतलेले मोहिनीरूप, हिच्या अंगावर यज्ञोपवीत आहे ते पाहा. दोन दैवतांचे मूळ एक असावे काय हा वाद विद्वानांचा. गोमंतकातील भक्तापुरता तो केव्हाच निकालात निघालेला आहे. म्हाळसेच्या घंटेची एक दंतकथा आहे. वेर्ण्याच्या देवळातील ही घंटा एरवी वाजवीत नसत, तिचा लोळा काढून ठेवलेला असे. एखाद्या दाव्यात साक्ष घ्यावयाची असली तरच तो लावून घंटा वाजवावयाची, आणि तिच्याखाली खोटे बोलणारा तीन दिवसांत मरतो असा दरारा. न्यायसभेचे काम देवळाने चालविण्याचा जो काळ होऊन गेला त्याची ही आठवण आहे. आजच्या म्हार्दोळास मात्र घंटेपेक्षा जाईची ख्याती मोठी: पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणाऱ्या जायांच्या पूजेस गाभारा आणि चौक जाईच्या माळांनी भरून टाकतात, आणि ही सेवा तेथल्या फुलकारांची, पिढीजाद.

देव सुखरूप आला, तरी त्याला राहावयास जागा कोणाची? हा प्रश्न आपणांस आज सुचत नाही, पण त्या वेळी तोच मुख्य होता. प्रियोळ, बांदिवडे, कवळे ही काही ओसाड राने नव्हती. त्या गावांस त्यांचे गावकरी होते, त्यांची ग्रामदैवते होती, त्यांच्या सीमा आणि राखणदार ठरलेले होते. आलेला देव कितीही थोर असला तरी येथे पाहुणाच. म्हणून आरंभी या दैवतांस मिळाली ती साधी, गवताच्या अथवा नळ्यांच्या छपराची देवळे. भव्य इमारती उठल्या त्या दीडशे-दोनशे वर्षांनी, मराठेशाहीच्या भरभराटीत, जेव्हा साताऱ्यास आणि पुण्यास गोमंतकीय मुत्सद्द्यांचे वजन वाढले. कवळ्याचे आजचे देवालय 1738 च्या सुमारास बांधले गेले ते शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम रेगे, कोचऱ्याचे, यांच्या खटपटीने. आणि पेशवाईतील मुत्सद्दी रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या प्रयत्नांमुळे मंगेशी गाव 1739 साली देवस्थानास इनाम मिळाले. इनामाची सनद हाती आली तेव्हा कुठे पाहुणा वतनदार झाला.

ही देवळे बांधणारे कारागीर कोणत्या शिस्तीत तयार झाले होते हे इमारतीच सांगतात. गर्भगृहावर उभे शिखर असावयाचे तेथे अष्टकोनी पायावर घुमट, त्यावर लहान कळस, सभामंडपास चर्चप्रमाणे खिडक्यांच्या रांगा आणि कौलारू उतरते छप्पर, आत हंड्या-झुंबरे, बाहेर कठड्यांनी वेढलेला, मजल्यामजल्याने वर चढत जाणारा दीपस्तंभ, मंगेशीचा सात मजल्यांचा. आवारात तळी, नौबतखाना, तुळशीवृंदावन, आणि यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी अग्रशाळा. शुद्ध शिल्पशास्त्राच्या चष्म्यातून पाहणारे पंडित या देवळांस संकर म्हणून नाक मुरडतात. मला हे पटत नाही. ज्यांनी कदंबकालीन तांबडी सुर्ल्याचे काळ्या दगडाचे देऊळ पाहिले आहे त्यांस गोमंतकाची जुनी परंपरा किती निराळी होती हे ठाऊक आहेच. पण ती परंपरा दोन शतके तुटलेली होती, तिचे नमुने तीन प्रांतांतून नाहीसे झालेले होते, आणि चिऱ्याच्या, लाकडाच्या व चुन्याच्या भांडवलावर अठराव्या शतकातील गवंड्याने आदिलशाही घुमट, पोर्तुगीज गवाक्षे आणि मराठी दीपमाळ यांतून जे निर्माण केले ते त्याचे स्वतःचे आहे. मंगेशीच्या चौकात माघातील जत्रेच्या रात्री, दीपस्तंभाच्या प्रत्येक कोनाड्यात पणती पेटलेली असताना, संकराची आठवण पंडितासही राहणार नाही.

सर्वच स्थलांतराच्या कथा मात्र सरळ नाहीत. बांदिवड्याची महालक्ष्मी साष्टीतील कोलव्याहून आली असे सांगतात. पण नागेशाच्या देवळाशी असलेल्या 1413 च्या शिलालेखात, विजयनगरच्या अमलातील माई शेणवीने दिलेल्या दानाच्या संदर्भात, नागेशाबरोबर महालक्ष्मीचाही उल्लेख आहे, म्हणजे देवी येथे पोर्तुगीज येण्याच्या शंभर वर्षे आधीच नांदत होती. तेव्हा कोलव्याची देवी येथल्या देवीत येऊन मिळाली असेच मानणे युक्त. आणि दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वर, कदंब राजांचे कुलदैवत, हा तर दोनदा उद्ध्वस्त झालेला: चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत एकदा, मग विजयनगरचा माधव मंत्री याने उभारलेले देवालय पोर्तुगीजांच्या हातून दुसऱ्यांदा. त्याचे लिंग नदीपार डिचोली महालातील नार्व्यास नेण्यात आले, आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला, त्याचा शिलालेख दरवाजावर आजही वाचता येतो.

देवाबरोबर आणखी एक वस्तू नदीपार आली, ती म्हणजे महाजनकी. ज्या कुळांनी देव आणला ती त्याची महाजन. गाव तुटले, जमीन गेली, पण देवाशी असलेला हा संबंध गेला नाही, उलट तोच गावाची जागा घेऊन बसला. कुठ्ठाळीचे वंशज कारवारास, मंगळूरास, कोचीस, मुंबईस पांगले, तरी त्यांचे नाव कोणत्या देवाच्या वहीत आहे हे विचारताच त्यांचे मूळ गाव कळते. पोर्तुगीज सरकारने 1886 साली माझानीचा कायदा करून या संस्थांस नियमबद्ध केले, महाजनांची नोंदणी, कमिटीची निवडणूक, हिशेबाची तपासणी हे सारे कागदावर आणले. देवस्थानांची मालमत्ता टिकली याचे श्रेय या कायद्यास काही अंशी द्यावे लागेल. परंतु याच कायद्याने वहिवाटीस शिक्कामोर्तब केले आणि देवळाच्या सेवेत राबणाऱ्या देवळी, भाविणी, कलावंत या वर्गांस महाजनकीच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, हेही तेवढेच खरे. ज्यांच्या गळ्यातून आणि घुंगरांतून देवाचा उत्सव उभा राहिला त्यांना देवाच्या कारभारात मत नव्हते. मंगेशी गावाचे नाव हिंदुस्थानभर झाले ते दीनानाथ मंगेशकरांमुळे आणि त्यांच्या मुलांमुळे. दीनानाथांचे वडील देवळातील अभिषेकी आणि आई येसूबाई कलावंत घराण्यातील. फोंडे महालातील केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई याच समाजातून पुढे आल्या. देवस्थानांच्या इतिहासात इनामदार मंत्र्यांची नावे आदराने घेतली जातात, तेव्हा ही नावेही त्याच पानावर आली पाहिजेत.

देव आणि महाजन यांच्यातील संबंध प्रत्यक्ष कसा चालतो हे पाहावयाचे असेल तर एखाद्या सकाळी कौलप्रसाद पाहावा. पुजारी ओल्या कळ्या अथवा पाकळ्या देवाच्या अंगावर ठरावीक जागी चिकटवितो. यजमान समोर बसलेला, त्याच्या वतीने गाऱ्हाणे सांगितले जाते, अगदी व्यवहारी: मुलीच्या स्थळास होकार द्यावा काय, विकत घ्यावयाच्या जागेस दोष आहे काय. मग सारे गप्प. ओलावा सुकू लागतो, गाभाऱ्यातल्या समईची वात मधूनच हलते, पाहणाऱ्यांच्या नजरा त्या इवल्या पाकळ्यांवर. उजवी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नकार; कधी कधी तासभर काहीच पडत नाही, आणि मग पुजारी प्रश्न नीट मांडला गेला नसेल म्हणून गाऱ्हाणे फिरवून घालतो. बुद्धिवाद्यास यात ओलाव्याचे आणि वजनाचे गणित दिसेल, ते बरोबरही असेल; परंतु मुंबईहून किंवा मंगळूरहून आलेला महाजन येथे येतो तो गणितासाठी नव्हे, चारशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी ज्याला विचारल्यावाचून गाव सोडले नसेल त्याला विचारावयास येतो.

गाव सोडून गेलेला देव आणि देवावाचून राहिलेले गाव यांची वर्षातून एकदा भेट होते असेही एक ठिकाण आहे, आणि ते अंत्रुजात नाही, दक्षिणेस कुंकळ्ळीस आहे. या गावाने पोर्तुगीजांस सहज मान तुकविली नाही. 1583 च्या जुलै महिन्यात देवळाच्या जागी क्रूस उभारावयास आलेल्या पाच जेजुइत पाद्र्यांस व त्यांच्याबरोबरच्या माणसांस कुंकळ्ळीकरांनी ठार केले. त्याचा सूड म्हणून सरकारने गावच्या पुढाऱ्यांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली, आणि त्यांतून एकटाच निसटला असे सांगतात. गावची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्यास नेण्यात आली, गावकऱ्यांपैकी पुष्कळजण पुढे ख्रिस्ती झाले, काही हिंदू राहिले. पण शिमग्याच्या दिवसांत देवी आपल्या गावी माहेरपणास येते. फातर्प्याहून कुंकळ्ळीपर्यंत पालखी निघते, तिच्यापुढे बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या बारा मूळ कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या नाचवीत नेतात, गुलाल उधळला जातो, ढोल-ताशे वाजतात. आणि या छत्रोत्सवात हिंदू गावकऱ्यांबरोबर ख्रिस्ती गावकरीही सामील होतात, कारण वांगड धर्मांतराने बदलत नाही. ज्या गोष्टीस आपण धर्म म्हणतो तिच्या खाली आणखी एक थर असतो, जमिनीचा, कुळाचा आणि क्रमाने मिळणाऱ्या मानाचा, आणि इन्क्विझिशनच्या अडीचशे वर्षांच्या अमलालाही तो थर उपटता आला नाही, हे या मिरवणुकीत डोळ्यांनी दिसते. मडगावचा दामोदर झांबावलीस गेला, त्याच्या गुलालोत्सवास मडगावकर तेथे जातात, तोही याच जातीचा संबंध. पण तेथे गाव देवाकडे जाते, कुंकळ्ळीस देवी गावाकडे येते.

अलीकडच्या काळात वेर्ण्यास जुन्या जागी म्हाळसेचे नवे देऊळ उभे राहिले, आणि देवाने मूळ स्थानी परत जावे काय असा प्रश्न अधूनमधून इतर ठिकाणीही निघतो. त्याचा निकाल महाजनांनी आणि देवाच्या कौलाने लावावा. आमचे मागणे दुसरेच आहे. अंत्रुजातील कित्येक देवस्थानांनी गेल्या काही दशकांत चिऱ्याचे आणि सागवानाचे जुने सभामंडप उतरवून त्या जागी सिमेंटचे आणि संगमरवराचे मंडप उठविले. भक्तांच्या गर्दीस ते सोयीचे असतील, नाही असे नाही, परंतु जे शिल्प दुसरीकडे कोठेही नाही ते उतरविण्यापूर्वी त्याचा नकाशा काढावा, कोरीव तुळया आणि खांब जपून ठेवावे, आणि महाजन घराण्यांच्या पेट्यांतून पडलेल्या सनदा, जमाखर्चाच्या वह्या आणि मानपानाच्या निवाड्यांचे कागद वाळवीच्या स्वाधीन न करता त्यांच्या नकला देवस्थानांच्या कचेऱ्यांतून ठेवाव्या, एवढे काम ज्या त्या देवस्थानाच्या कमिटीने मनावर घेतले तर ते पुढील पाच वर्षांत सहज होण्यासारखे आहे.